घर आवडलंय? मग फाटकाबाहेर थांबा

घरातले दोष काढायला लोक माझ्या बायकोला पैसे देऊन बोलावतात. माझे दोष ती फुकट काढते.

घर विकत घेण्याआधी ते तपासून देणं हा तिचा धंदा. टॉर्च, घडीची शिडी आणि गवंड्याकडे असते तशी लेव्हल घेऊन ती माळ्यावर चढते, मोरीत ओणवी होते, नळ सोडून कान लावून बसते. विकणारा कितीही गोड बोलू दे, ती भीक घालत नाही. तिचा एक नियम मात्र असा आहे की त्यापायी तिची गिऱ्हाइकं तुटली आहेत. ज्याला घर आवडलंय त्याला ती तपासणीच्या वेळी आत येऊ देत नाही. नवरा-बायको आले की आधी विचारते, "जास्त कुणाला आवडलंय?" जो हसतो त्याची रवानगी फाटकाबाहेर. तिचं म्हणणं, आवडलेल्या घरात माणूस भिंत बघतच नाही, तिच्यावर लावायचा फोटो बघतो.

आम्ही स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. लिफ्ट नाही. माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी जिने बंद करा म्हणून बजावलं, जणू मी हौसेनेच चढत होतो! मग बैठं घर शोधणं आलं. आमच्या बाईसाहेबांनी बघितलेलं प्रत्येक घर झटकून टाकलं. हे कललंय, त्याला ओल आहे, तिसऱ्याचं छप्पर बसकं आहे. मी मूग गिळून जिने चढत राहिलो.

आणि मग ते घर आलं. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, मागे तिच्या अवजारांपुरती शेड. दाराशी पायरी एकच, तीही बुटकी. ही आत गेली, भरभर एक चक्कर मारली आणि म्हणाली, "घेऊन टाकू."

मी उडालोच. साधी बादली घ्यायची तरी ही दुकानात पाणी भरून बघते.

"नीट तपासलंस?"

"सगळं ठीक आहे हो. उगाच फाटे फोडू नका."

तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. असल्या हसणाऱ्यांना ती फाटकाबाहेर काढते, हे मला पाठ होतं.

मी गुपचूप ठोक्याला फोन केला. ठोक्या तिच्याच धंद्यातला, तिचा जुना प्रतिस्पर्धी. लाकडी हातोडीने घरभर ठोकत फिरतो म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी त्या घराच्या फाटकाशी त्याला बघून हिचा पारा चढला.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे, तुझ्या हसण्यावर नाही. नियम तुझाच आहे. थांब बाहेर."

तिने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळाला असता. पण थांबली. पिशवी छातीशी धरून, आतली ठकठक ऐकत. "आता मोरीत गेला," "आता स्वयंपाकघर," असं मला आवाजावरून सांगत होती. मागच्या खोलीतून ठकठक आली, तशी ती बोलायची बंद झाली.

ठोक्या बाहेर आला. "बाई, मागच्या खोलीत फरशीखाली सांडपाण्याचा पाइप फुटलाय. माती वाहून गेलीय, सगळं पोकळ वाजतंय. ती खोली बसणार. अहो, चौकट खालून केवढी फुगलीय, तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली," ती म्हणाली.

ठोक्या हातोडी पुसता पुसता थांबला.

"दिसली, आणि फरशी धुऊन फुगली असेल अशी मीच माझी समजूत घातली. हे जिना चढतात तेव्हा मी मागून चालते ना. कठडा कसा घट्ट धरतात, ते रोज बघते. इथे एकच पायरी होती हो."

इतकी वर्षं मी हिच्या कडकपणाची चेष्टा करत आलो. भर रस्त्यात माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत. सख्ख्या भावाच्या घरातली भेगसुद्धा जिने कधी पोटात घातली नाही, तिने माझ्या गुडघ्यांसाठी कुजकी चौकट पोटात घातली होती. त्या दिवशी जिना चढताना मी कठडा सोडून तिचा हात धरला. तिने तेवढ्यातही पकड सैल आहे म्हणून सुनावलंच.

ते घर सोडलं. पुढे आणखी एका घराची खबर आली, तेव्हा ठोक्याला फोन तिनेच केला. आम्ही पोचलो. फाटक उघडं होतं, दार समोरच दिसत होतं. तिने पिशवी खाली ठेवली आणि ठोक्याला म्हणाली, "जा तुम्ही आत. मी इथेच थांबते."

"अगं, अजून आत पाऊलही टाकलं नाहीस," मी म्हटलं. "आवडलं कुठून?"

"पायरीच नाहीये," ती म्हणाली आणि फाटकाला पाठ करून उभी राहिली.