जास्वंदीखालची रिकामी जागा

खोटं बोलणं माझ्या जिवावर येतं, असं मी चारचौघांत नेहमी सांगत आलो. पण गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी सलग चार दिवस खोटं वागलो, तेही देवघरापुढं बसून आणि सख्ख्या बायकोशी. देव आहे की नाही, हा माझा जुना वाद तेव्हा कुठल्या कुठं पळाला होता. असलाच, तर तो आता आपल्यावर किती रागावला असेल, एवढीच धास्ती उरली होती.

आम्ही मूळचे संगमनेरकडचे. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कालव्याला पाणी सुटलं की लोक पुलावरून निर्माल्याच्या पिशव्या टाकायचे आणि मी सायकल आडवी घालून त्यांच्यावर खेकसायचो. निवृत्तीनंतर कुठं राहायचं, हा प्रश्न निघाला. सुप्याच्या कारखान्यात असलेल्या मुलाला वाटलं होतं, आई-बाबा आपल्याकडे येतील. पण आमची ही पटकन म्हणाली, "समुद्राजवळ राहू." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. नाही कसं म्हणणार? आम्ही कोकणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एका नारळीच्या वाडीतल्या दोन खोल्यांत बस्तान हलवलं.

इथलं आयुष्य मोठं गमतीचं. मिठाला पाणी सुटतं, पापड वाळता वाळत नाहीत, पेपर यायला अकरा वाजतात. मुलगा गावाकडून बाजरी आणून देतो, ती संपेपर्यंत आमची आणि किड्यांची शर्यत. सकाळी मी पूजा करतो. ही शेजारी वाती वळत बसते आणि माझा मंत्र चुकला की न बघता दुरुस्त करते. मग आदल्या दिवशीची फुलं कागदात घेऊन आम्ही वाळूत फेरी मारायला जातो आणि ती फुलं मी समुद्रात सोडतो. होय, मीच! दारात एवढं पाणी दिसल्यावर माझी तत्त्वं पातळ झाली. ही चिडवायची, "साहेब, आता तुमच्यावर कोण खेकसणार?"

पावसाळ्यानंतर हिला दम लागू लागला. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. ऑपरेशन नगरच्या दवाखान्यात करायचं ठरलं. सोमवारी सकाळी मुलगा गाडी घेऊन येणार होता. हिनं फार चर्चा केली नाही. एवढंच म्हणाली, "निघताना खंडोबाच्या पाया पडून निघू." आमच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक होता. पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा देव, माझ्या पणजोबांपासूनचा, पुसून पुसून नाक-डोळे सपाट झालेला.

गुरुवारी पूजेला बसलो तर टाक जागेवर नव्हता. आधी वाटलं, फुलांत असेल. मग ताम्हन पाहिलं, पाटाखाली हात घातला आणि एकदम लक्षात आलं. आदल्या दिवशी ओहोटी लागायच्या आत जायचं म्हणून मी पूजा आटोपताच घाईघाईनं नवी-जुनी सगळी फुलं ओंजळीनं गोळा केली होती. त्यांच्याबरोबर देवही गेला होता. ही तेव्हा स्वयंपाकघरात होती. मी अंगणातलं एक मोठं जास्वंदीचं फूल तोडून आणलं आणि त्या रिकाम्या जागेवर ठेवलं. ही आली, नमस्कार करून गेली. मी मान वर केली नाही.

त्यानंतर रोज ओहोटीची वेळ पाहून मी किनाऱ्यावर जाऊ लागलो. हिला म्हणायचो, पाय मोकळे करून येतो. भर उन्हात कमरेत वाकून शंख-शिंपले उपसायचो. मनात एकच किडा शिरला होता, ऑपरेशनच्या तोंडावर कुलदैवत घर सोडून गेलं, ते हिलाही घेऊन जाणार. आयुष्यभर अशा शकुनांची टिंगल करणारा मी, रोज घरी येताना रडकुंडीला आलेला असायचो.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर बायकांची एक सहल आली होती. सगळ्या नऊवारी सावरत लाटांत खिदळत होत्या. त्यांतली माझ्याच वयाची एक बाई कोरड्या वाळूत बसून माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिनं हाक मारलीच.

"ओ दादा, काय हुडकताय? मगाधरनं बगती मी."

"अंगठी पडली," मी म्हणालो.

"अंगठीसाटी मानूस असं तोंड करत न्हाई."

ते 'न्हाई' ऐकलं आणि मी तिथंच बसलो. कोकणात आल्यापासून तीन वर्षांत असं बोलणं कानावर पडलं नव्हतं. विचारलं तर ती पारनेर तालुक्यातली निघाली. मी संगमनेरचा म्हटल्यावर म्हणाली, "मंग घरचंच मानूस की!" कसं कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. टाक, जास्वंद, झडप, सोमवार, सगळं.

तिनं विचारलं, "बायकूला सांगितलं का?"

"कसं सांगू? उद्या निघायचंय."

"मंग देव ऱ्हाऊ द्या, आदी तिला सांगा. टाक सोनारानं ठोकलेला असतोय. त्यो गेला म्हनून खंडोबा कुटं जातोय?" असं म्हणून तिनं कमरेची चंची सोडली, कागदाची एक पुडी माझ्या हातावर ठेवली. "चंपाषष्ठीचा भंडारा हाय. लावा तिला. लई घाबरलाय तुमी." तेवढ्यात बायकांनी तिला हाका मारल्या, गाडी सुटत होती. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि निघून गेली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

घरी आलो तर ही वाती वळत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. तिनं हातातली वात पुरी केली.

"गुरुवारीच कळलं मला. खंडोबाला जास्वंद कधीपासून वाहायला लागलात? जन्मात कधी पिवळ्याशिवाय फूल ठेवलं नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता. म्हटलं, शोधू दे. तेवढीच भीती वाळूत जिरेल." मग हलकेच म्हणाली, "मी रोज नमस्कार करतच होते की. जागा तर तीच आहे ना."

माझा बांध फुटला. जे चार दिवस, खरं तर दोन महिने, मनात दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. "मला फार भीती वाटते गं. तुला काही झालं तर?" ती म्हणाली, "मलाही वाटते." आणि आम्ही दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून बराच वेळ बसून राहिलो. सोमवारी आम्ही त्या रिकाम्या जागेला भंडारा वाहिला, तिथलाच चिमूटभर मी हिच्या कपाळाला लावला आणि निघालो.

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना मी पुन्हा तिच्या कपाळावर भंडारा लावला. दाराशी सिस्टरनं ओला कापूस घेतला आणि पुसायला हात पुढं केला. मी तिचा हात धरणार, तोच ही हसून म्हणाली, "पुसू द्या हो त्यांना. पोचायचा तिथं पोचलाय तो." दार बंद झालं. मी बाकावर बसलो. त्या चार तासांत मी देवाकडे काहीही मागितलं नाही. कसला नवस नाही, कबुली नाही. भीती होती, पण ती भीती कवटाळून मी एकटा बसलो नव्हतो.

ही आता बरी आहे. सकाळी पुन्हा माझे मंत्र दुरुस्त करते. त्या दिवशी त्या माउलीला माझ्याच वाटेवर कुणी बसवलं, याचा खल मी करत नाही. तिची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात. एक मात्र बदललं आहे. मनात काही दाटून आलं की मी देवघरापुढं बसत नाही. स्वयंपाकघरात जाऊन हिच्याजवळ बसतो आणि तिला सांगतो. देवाला सांगायचं ते त्यातच आलं.