अनवाणी इंजिन ड्रायव्हर

जिथे इंजिन चालू असेल तिथे बाळाराम घरत चपला काढत. पनवेल स्टँडवर थांबलेल्या एसटीत, रोडपालीला त्यांच्या इमारतीखालच्या पिठाच्या गिरणीत, कुठेही. भक्तिभावाने नव्हे, देवळाला ते बहुधा बाहेरूनच हात जोडत. तळवे टेकवून क्षणभर थांबत आणि निकाल देत. "दमलाय." किंवा, "बरा हाय, पन मालक तेल पाजीत नाय." उमेदीची सगळी वर्षं जहाजं ओढणाऱ्या टगबोटीच्या इंजिनाशेजारी गेल्यामुळे त्यांचे कान अर्धे गेले होते. ऐकायचं काम पायांकडे आलं होतं.

आमची ओळख झाली ती मी त्यांची नोकरी घालवायला गेले तेव्हा. तळोज्याच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून आम्ही एक डबा बनवला होता. लाटा आणि भार बघून तो बोटीच्या इंजिनाचा वेग आपणच कमीजास्त करी. त्यांच्या टगचा मालक म्हणाला, चाचणी पास झाली तर बसवू, मग लिव्हरवर माणूस लागणार नाही. हे तो बाळारामकाकांसमोरच बोलला. त्यांना काहीच ऐकू येत नाही, असा सगळ्यांचा समज होता आणि काकांनी तो कधी दूर केला नाही.

चाचणीच्या दिवशी उरणच्या बाहेर समुद्र चांगलाच उसळला होता. मी मालकाबरोबर वर होते, काका खाली इंजिनापाशी. त्यांचे सेफ्टी शूज नियमाप्रमाणे इंजिनरूममध्ये होते, खुंटीला टांगलेले. परतल्यावर कागदावरची वेगाची रेघ इतकी सरळ आली की मालकाने सगळ्यांसाठी भजी मागवली.

धक्क्यावर काका माझ्याजवळ आले. "बाय, तुजा डबा भाईर गेल्यावर घाबरला. मी स्विच फिरवून हातावर घेतला. ती रेघ माजी हाय."

"मालकांना सांगितलंत?"

"त्याने इचारलं नाय."

मीही नाही सांगितलं. त्या संध्याकाळी मी भजी खाल्ली, याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी काका सहा आसनी रिक्षा बदलत शेडवर हजर. "सांगितलंस?"

"नाही."

"लाटेवर बोटीची शेपटी उठली का पंखा पान्याभाईर येतो. भार गेला का इंजिन पिसाटतं. उद्या शाफ्ट तुटला तर वर सात मान्सं हायत."

"मग तुम्हीच सांगा ना, काका. डबा नापास झाला तर तुमची नोकरी राहील."

"म्हनून तर मी सांगू शकत नाय. लोक बोलतील, घरत नोकरीसाठी बोलतोय. तू सांग."

मी सांगितलं. मालक बराच वेळ बोलला, त्यातलं लिहिण्यासारखं फारसं नाही. शेवटी त्याने डबा सुधारायला एक महिना दिला.

त्या महिन्यात मी काकांशेजारी स्टुलावर बसून त्यांचा लिव्हरवरचा हात बघत राहिले. आमचा डबा वेग वाढला की लिव्हर ओढायचा. काकांचा हात त्याआधीच हललेला असे.

"आधी कळतं कसं?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि पावलांकडे बोट दाखवलं. बोटीची शेपटी उचलायला लागली की पायाखालचा पत्रा त्यांना आधी सांगत होता. मग त्यांच्या टाचा जिथे टेकत, बरोबर तिथे पत्र्याखाली आम्ही एक सेन्सर बसवला आणि त्याची तार डब्याला जोडली. जागा त्यांनीच खडूने आखून दिली.

दुसऱ्या चाचणीला मी खालीच थांबले. काका हात पाठीमागे बांधून पत्र्यावर अनवाणी उभे. तासभर लाटा येत राहिल्या, लिव्हर आपोआप मागेपुढे होत राहिली, आणि त्यांचे हात सुटले नाहीत. परत वळल्यावर म्हणाले, "शिकला." पुढच्या महिन्यात शाल-श्रीफळ घेऊन ते घरी गेले. नंतरची वर्षं त्यांनी गिरणीवाल्याला त्याच्या मोटरची तब्येत सांगण्यात घालवली. ते गेल्याचं मला त्यानेच कळवलं.

आमचे डबे आता बऱ्याच बोटींवर आहेत. सोबतच्या माहितीपुस्तकात मी एक ओळ घातली आहे: सेन्सरवरच्या पत्र्यावर पादत्राणे घालून उभे राहू नये. मधूनमधून कुणी फोन करून याचं तांत्रिक कारण विचारतं. तसं काहीही कारण नाही. नियम आहे, असं मी सांगते, आणि लोक बूट काढतात.