पिशवीकाकीचे रिकामे हात

पिशवीकाकीला मी आयुष्यात एकदाच रिकाम्या हातानं चालताना पाहिलं, आणि तेव्हा बाईला धड चालताच येईना. एरवी तिच्या खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कुणासाठी तरी डबा ठरलेला. कुणाच्याही दारात जाताना हात भरलेला हवा, हा तिचा कायदा. खालापूरला दाखला आणायला गेली, तर कचेरीतल्या शिपायाला दोन काकड्या देऊन आली. मी डोळे वटारले तर म्हणाली, "लाच नाय गं ती, येलाची काकडी हाय!"

आम्ही दोघी कुंभिवलीच्या एका कारखान्यात होतो. तिथं बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. काकी पॅकिंगला, मी साहेबांच्या केबिनबाहेर बिलं करायला. दहिवलीहून आम्हाला न्यायला कंपनीचा टेंपो यायचा. त्यात काकीशेजारची जागा मिळावी म्हणून भांडणं व्हायची, कारण पिशवी उघडली की पहिला घास शेजारणीचा.

मग काकीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. रजा संपवून परतली ती कमरेला पट्टा बांधून, हवालदारासारखी ताठ. डॉक्टरांनी बजावलं होतं, काम करायचं तर अर्धाच दिवस. म्हणजे साहेबांकडे अर्धा दिवस मागायचा, नाहीतर नोकरी सोडायची. पगार अर्धा होईल याचं तिला काही नव्हतं, पण सोडायचं नाव काढलं की उसळायची. "घरी बसले ना, तर सून पानी पन हातात आनून देईल. लई गुनाची हाय मेली! आठ दिसांत मरंन मी!"

मागायला जायच्या दिवशी टेंपोत चढली, तर पिशवी टम्म फुगलेली.

"काय आणलंस गं काकी?"

"वालाचं बिरडं. सायबांना आवडतं."

मी कपाळावर हात मारला. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलत बसायचं. पाठ दुखते म्हणून सांगायला निघालेली बाई बिरडं घेऊन निघाली होती! विचारलं तर म्हणते, "मधी दोनदा आडवी झाले की."

साहेब खालापूरचेच. बिरड्यामागची मेहनत त्यांनी आईजवळ बसून पाहिलेली. डबा उघडला आणि त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला, "वा काकी! बिरडं सोललंत म्हणजे पाठ ठणठणीत! मी उगाच काळजी करत होतो. नवं मशीन येतंय, त्याचंही पॅकिंग तुम्हीच बघा." काकी "व्हय, व्हय" करत बाहेर आली. अर्धं काम मागायला गेलेली बाई दीडपट घेऊन आली! हसावं की हिला बडवावं, मला कळेना.

"बोलली का नाहीस?"

"अगं, ते खात हुते. खात्या मानसापुढं रडगानं गायचं का?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. या वेळी म्हणे हलकंच काहीतरी, नुसते घावन. साहेबांनी घावन उजेडात धरून पाहिला, त्याच्या जाळीचं कौतुक केलं, आणि काकी पुन्हा हसतमुखानं बाहेर. संध्याकाळी मात्र टेंपोची पायरी तिला चढवेना. मी आणि टेंपोतल्या आणखी एकीनं तिला वर ओढून घेतलं, तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं. "सोडते मी आता," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकातच मी तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली. चांगली झटापट झाली, वॉचमन धावत आला. "पिशवी माझ्याकडे राहील. तू आत जा, आत्ताच!" मी तिला केबिनमध्ये ढकललंच. बिचारीला धड चालता येईना, हातांचं काय करावं कळेना. आधी पदर धरला, मग पट्टा धरला, शेवटी हात लोंबते सोडून उभी राहिली. मी दार मुद्दामच उघडं ठेवलं होतं.

साहेब तिला बघून खुर्चीतून उठलेच. "काकी, काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"हायेत."

"मग पिशवी कुठाय?"

तेवढं विचारलं आणि काकीचा बांध फुटला. "सायेब, पाठ ऐकत नाय. उभं ऱ्हावत नाय दुपारनंतर. अर्धा दिस द्या, नायतर सोडावं लागंल. आन मला सोडायचं नाय!"

साहेबांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं. "दोनदा आलात, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा हातात डबा हुता," काकी म्हणाली.

अर्धा दिवस मिळाला, पॅकिंगला बसायला खुर्ची मिळाली, नवं मशीन दुसरीकडे गेलं. साहेबांची अट एकच होती, पाठ बरी होईपर्यंत त्यांच्यासाठी डबा आणायचा नाही. त्या अटीवर मात्र काकी चार दिवस फुगून बसली होती.

त्यानंतर काही वर्षं काम करून काकी मानानं घरी बसली. आता पॅकिंगचं मी बघते. परवा एक मुलगी आजारपणाची रजा संपवून आली. हातात नाचणीच्या लाडवांचा उघडा डबा, तोंडावर हसू, आणि 'मॅडम, मी एकदम बरी आहे' चालू. मी झाकण लावलं, डबा बाजूला सरकवला. "आधी बोल. लाडू मग." ती रडली, बोलली, आणि सोमवारपासून दुपारी घरी जायला लागली.

हे सांगायला मुद्दाम दहिवलीला काकीकडे गेले. म्हटलं, खूश होईल. तिनं वाल सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर, "डबा रिकामा नाय ना परत दिलास?"

डबा माझ्या खणात पडला होता, अगदी लख्ख रिकामा.

"आगं बया!" काकी पाठीला हात लावत उठली, आणि फडक्यातले सोललेले वाल माझ्या ओंजळीत ओतायला लागली.