मावशी पेटीवर बसली

पेटीमावशीला दवाखान्यात कुणी कधी नावाने हाक मारली नाही. एकवीस वर्षं तिने लसीची निळी पेटी खांद्यावरून वाहिली, म्हणून पेटीमावशी. शिक्षण म्हणाल तर सहीपुरतं. पण बर्फाच्या बाबतीत तिच्यापुढे डॉक्टरांनीसुद्धा शहाणपणा करू नये.

पेटीत लसीच्या भोवती बर्फाच्या चपट्या बाटल्या लावतात. त्या फ्रीजरमधून काढून तशाच कोंबायच्या नसतात. बाहेर मांडायच्या, त्यांना घाम फुटू द्यायचा. मावशी एकेक बाटली कानाशी धरून हलवायची. आत पाणी डुचमळलं की मगच पेटीत. नाहीतर लस गोठते, आणि गोठलेली लस म्हणजे नुसती सुई खाणं.

घरी धाकटा भाऊ. फर्निचरला रंगाचा फवारा मारून मारून छातीचं खोकं झालेलं. श्वास घेतला की शिट्टी वाजायची, म्हणून गल्लीत त्याचं नाव भोंगा. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत फ्लूने त्याला सतरा दिवस आडवा पाडला. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा झाला तर याला झेपणार नाही. लस टोचून घ्या." पण गडी सुईला टरकायचा.

"ताई, तुझ्या पेटीतलं तुझ्या माणसांना दे. मला नको."

"मग तू कुणाचा माणूस रे? शेजाऱ्यांचा?"

तीन वर्षं मागे लागली तेव्हा कुठे या थंडीच्या तोंडावर तो हो म्हणाला. शाळेच्या हॉलमध्ये शिबिर होतं. यादीत पहिलं नाव त्याचं. तिनेच लिहून घेतलं, रांगेत ठेवला तर पळून जाईल म्हणून.

त्या सकाळी दवाखान्याच्या नव्या मोठ्या बाईंना घाई. पाहुणे येणार, फोटो निघणार.

"मावशी, भरा पेटी."

"अर्धा तास द्या बाई. अजून घाम नाही आला."

"बर्फाला कसला घाम? गार आहे ते चांगलंच आहे. सरका बाजूला."

बाईंनी दगडासारख्या कडक बाटल्या खडाखडा स्वतःच आत टाकल्या आणि झाकण लावलं. मावशीने पेटी खांद्याला अडकवली. तिथेच अडून बसायला हवं होतं, नाही बसली. तिची चूक म्हणाल तर एवढीच.

हॉलमध्ये भोंगा पहिल्या खुर्चीत. बाही वर, डोळे गच्च मिटलेले. मावशीने झाकण उघडलं. पेटीत एक छोटं यंत्र असतं. सगळं ठीक असलं की त्यावर बरोबरची खूण, लस गोठली की फुली. फुली होती. नर्सने पण पाहिली. तिने बाईंकडे पाहिलं.

बाई हळूच म्हणाल्या, "घ्या टोचायला. मरत नाही कुणी त्याने."

"मरत नाही. पण वाचत पण नाही," मावशी म्हणाली.

"आवाज खाली! पुढचा साठा आला की परत बोलावू सगळ्यांना."

"काय सांगून बोलावणार?"

बाईंनी पेटीकडे हात नेला. मावशीने धाडकन झाकण लावलं आणि पेटीवरच बसली.

"ही लस गोठलीय. बाद आहे. कुणी टोचून घेऊ नका!"

लोक खवळले, ते पण तिच्यावरच. "कामं टाकून आलोय आम्ही!" "पगार कशाचा घेता?" भोंग्याने बाही खाली ओढली. "तीन वर्षं डोकं खाल्लंस माझं. आज मी खुर्चीत बसलो, तर तू पेटीवर बसलीस?" सगळा हॉल हसला.

अहवालात आलं, पेटी मावशीने भरली, निष्काळजीपणा झाला. नर्सने मान खाली घालून सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी. पेटी गेली आणि हातात फरशी पुसायचं फडकं आलं.

साठा पंधरा दिवसांत येणार होता, लागला दीड महिना. मावशीने औषधांची पाच दुकानं पालथी घातली. सगळीकडे संपलेली. चौथ्या आठवड्यात भोंग्याला ताप भरला.

इस्पितळात तो म्हणाला, "ताई, तेच टोचू दिलं असतंस तर?"

"काही उपयोग नव्हता रे त्याचा."

"मला नसता. तुझी पेटी तरी राहिली असती."

सहाव्या दिवशी शिट्टी थांबली.

साठा आला तेव्हा ती फरशी पुसत होती. पेटी आता नव्या शिपायाकडे. तो फ्रीजरमधून बाटल्या काढून थेट आत भरायला लागला. बाई शेजारीच उभ्या होत्या. मावशीने फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.

"मांड सगळ्या टेबलावर. घाम येऊ दे."

बाई घड्याळ बघत राहिल्या. अर्धा तास गेला, चार मिनिटं वर गेली. मावशीने एकेक बाटली कानाशी हलवली.

"आता भर."

शिबिराची यादी जुनीच होती. नर्सने पहिलं नाव वाचलं आणि तिची जीभ अडखळली. मागून बाई म्हणाल्या, "कोण आहे? नसेल तर गैरहजर लिहा."

हॉल पुसायला आलेली मावशी दारात बादली घेऊन उभी होती.

"गैरहजर नाही," ती म्हणाली. "तो आला होता. सगळ्यांच्या आधी आला होता. तसं लिहा."

नर्सने पेन उचललं. बाईंकडे बघितलं. आणि गैरहजर लिहिलं.