फळीखालच्या दोन पट्ट्या

आमचे मामा उभ्या पियानोंच्या हातोड्या बदलायचे. पट्टी दाबली की आतली लोकरीच्या डोक्याची हातोडी तारेवर आपटते. वर्षानुवर्षं आपटून त्या लोकरीवर तारेचे चर पडतात आणि पियानो पत्रा बडवल्यासारखा बोलायला लागतो. मग मामांना बोलावणं यायचं. हातोड्या सगळ्या मिळून अठ्ठ्याऐंशी. तरुणपणी पहिल्याच कामात मामांनी एक बसवायची विसरून पियानो बंद केला, तेव्हापासून धंद्यात त्यांचं नावच पडलं, 'सत्त्याऐंशी'. भांडण पेटलं की मामीही हेच नाव घ्यायची. त्यामुळे बदललेल्या हातोडीची प्रत्येक पट्टी दाबून, सूर आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय मामा कुणाच्या घरातून हलत नसत.

एकदा दोन भावांच्या घरचं काम आलं. घराची वाटणी झालेली, बैठकीच्या खोलीत मधोमध फळ्यांची भिंत. पियानो हलवायचा तर सहा माणसं लागणार, आणि कोणती सहा यावर भावांचं एकमत होईना. शेवटी भिंतच पियानोवरून नेली. त्रेचाळीस पट्ट्या थोरल्याच्या खोलीत, त्रेचाळीस धाकट्याच्या, दोन फळीखाली.

थोरला म्हणाला, "माझ्या बाजूच्या तेवढ्या बदला. त्याची बायको वाजवायला बसली की आमचा आवाज पार दबतो."

"अर्ध्याच? एक पाय बुटात आणि एक चिखलात? माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग त्याला तुम्हीच विचारा. आमचं नऊ वर्षं बोलणं नाही."

मामा अंगणातून वळसा घालून धाकट्याच्या दारात गेले.

"माझ्या हातोड्या ठणठणीत आहेत," धाकटा दारातूनच म्हणाला.

"असू द्या. पण उद्यापासून मांडणीवरची भांडी खाली ठेवत चला. भावाचा आवाज वाढणार आहे."

"अहो मिस्त्री, उभे का? आत या की!"

हातोड्यांचा सांगाडा अखंड असतो. तो बाहेर काढायला मधली फळी उतरवावी लागली आणि नऊ वर्षांनी भाऊ एकमेकांना दिसले.

"मिस्त्री, त्याला म्हणावं, पोट सुटलंय," थोरला म्हणाला.

"त्याला विचारा, डोक्यावरचं कुठं गेलं?" धाकटा म्हणाला.

मामा सांगाडा घेऊन गेले. आठ दिवसांनी सगळ्या नव्या हातोड्या बसवून परत आले. सांगाडा जागेवर गेला. थोरल्याच्या त्रेचाळीस वाजल्या. धाकट्याच्या त्रेचाळीस वाजल्या. मामांचा हात मधल्या दोघींकडे वळला, तसं दोन्ही भावांनी त्यांचं एकेक मनगट पकडलं.

"माझ्या बाजूनं हात लावू नका. उद्या हा म्हणेल, ताबा दिला."

"आणि माझ्या बाजूनं लावला तर हा कोर्टात जाईल!"

मामांनी मनात हिशेब केला. दोन न ऐकता घरी जायचं म्हणजे शहाऐंशी. इतक्या वर्षांत नाव सुधारायचं सोडून आणखी खाली घसरणार.

"दोघं एकेक पट्टी घ्या," मामा म्हणाले. "एकदम दाबा. पुढंमागं नको."

"आकडे कोण मोजणार?"

"मी."

"त्याच्याकडे तोंड करून?" धाकट्यानं विचारलं.

मामांनी झाकण वर केलं, पियानोच्या पोटात डोकं घातलं आणि आतूनच ओरडले, "एक! दोन! तीन!"

दोन शेजारच्या पट्ट्या, भावांनी सगळा जोर काढून एकदम हाणलेल्या. मांजरीच्या शेपटीवर कपाट पडावं तसा आवाज झाला. मामांचं डोकं आतच होतं. दातापर्यंत कळ गेली, पण दोन्ही सूर त्यांना वेगवेगळे ऐकू आले. डोकं बाहेर काढलं तेव्हा मामा लाल झाले होते आणि हसत होते.

बाहेरून दोन्ही जावा एकदम ओरडल्या, "काय पडलं हो?"

"काही नाही," दोघं भाऊ एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे रागानं बघायला लागले.

मामा तोवर फळी उचलून तिचे स्क्रू पिळायला लागले होते.