बापूचा हात मोडला त्या वर्षी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवळात एकटा असतानासुद्धा नाही — त्याला ठाऊक असेलच, पण आपणहून विषय मी काढला नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही रांजणगावचे नाही, म्हणून असेल. तिथं जुने कामगार चहाला जमले की अजून त्या हंगामाची गोष्ट निघते आणि कुणीतरी म्हणतंच, "बापूचा हात मोडला ना राव, न्हाईतर टिकलो असतो आपण."

मी चहात बिस्कीट बुडवत राहतो.

तर — आमच्या कंपनीची फुटबॉल टीम होती. नव्वदचं दशक सरत आलेलं. न्हावऱ्यात जनावरं सांभाळणारे आम्ही नुकतेच शिफ्टला लागलो होतो. फुटबॉल कुणाला ठाऊक? पण आमचे सुपरवायझर डिसोझा साहेब दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले. पन्नाशी उलटली तरी बॉल दिसला की त्यांचे पाय शिवशिवायचे. टीम त्यांनीच काढली. माझी सहा फुटांच्या वरची उंची बघितली आणि म्हणाले, "तू गोलकीपर." झाली माझी निवड.

आता खरं सांगायचं तर — मला बॉलची भीती वाटायची. अंगावर आला की डोळे आपोआप मिटायचे. बैल अंगावर आला तर मी हलत नाही, पण बॉल? त्याला वेसण कुठं असते?

हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कंपन्यांच्या स्पर्धेत आम्ही खालच्या गटात होतो आणि तिथं बॉल माझ्यापर्यंत पोचायचाच नाही. पुढं दिलीप होता ना. राँचीकडचा वेल्डर, दोन लेकरांचा बाप, उंचीनं माझ्या छातीला लागणारा. पण पायात नुसता पारा. तो गोल मारत होता आणि मी खांबाला टेकून खिशातले शेंगदाणे खात होतो. असे आम्ही खालच्या गटात पहिले आलो आणि वरच्या गटात चढलो. कंपनीच्या गेटवर गुलाल उधळला. मलाही खांद्यावर घेतलं. शेंगदाणे पचवल्याबद्दल असावं.

वरच्या गटातली पहिली मॅच पुण्यात. चौथ्या मिनिटाला त्यांच्या एका दांडगटानं असा बॉल हाणला की तो माझ्या कानाजवळून गेला, खांबावर आदळला आणि तो लोखंडी खांब कितीतरी वेळ घुमत राहिला. त्या खांबाच्या जागी मला माझं डोकं दिसलं. आम्ही चार गोल खाल्ले. एकही मी बघितला नाही.

त्याच आठवड्यात न्हावऱ्याच्या वळणावर माझी मोटारसायकल घसरली. कोपर खरचटलं. बास, एवढंच. हळद लावली असती तर भागलं असतं. पण माझा मावसभाऊ सुरेश शिरूरला एका हाडांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होता, आणि मी हळदीकडे न जाता सुरेशकडे गेलो. डॉक्टर बाहेरगावी होते. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर घालून घेतलं. हात धडधाकट. मोडलं नव्हतं काहीच.

झालं. आलं तोंडातून. पण थांबा — एवढंच असतं तर मी आज बोललोच नसतो.

आधी गंमत सांगतो. आईनं दृष्ट काढली. पाव्हणे मोसंबी घेऊन आले. कंपनीनं मला गेटवर बसून रजिस्टर भरायचं हलकं काम दिलं. उजवा हात मोडलेला माणूस रजिस्टर कसं भरणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत खाज अशी सुटायची की छत्रीची काडी घालून खाजवत मी रडायचा राहिलो होतो. म्हशींच्या धारा माझी बायको शोभा काढू लागली. एकदा रेडकू सुटलं आणि मी भान हरपून दोन्ही हातांनी दावं ओढून धरलं. गोठ्याच्या दारात शोभा उभी. बघत होती.

"मग रविवारी खेळणार जणू?" ती म्हणाली.

"दुखतंय गं," मी म्हणालो.

तिनं धारेची बादली माझ्यापुढं ठेवली आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून धारा पुन्हा मीच काढू लागलो, डाव्या हातानं.

हसलात? हसा. आता दिलीपचं ऐका.

टीमला दुसरा गोलकीपर नव्हता. डिसोझा साहेबांनी एकेकाला उभं करून बघितलं आणि शेवटी ज्याला बॉल कळतो त्यालाच तिथं नेलं — दिलीपला. म्हंजी गोल मारणारा माणूस गोल अडवायला गेला. पुढं मारायला कुणी उरलं नाही, मागं अडवायला हा साडेपाच फुटांच्या आतला माणूस. माझा शर्ट त्याच्या गुडघ्यापर्यंत यायचा. लोक त्याला 'फ्रॉक' म्हणू लागले. एका हातानं मी अख्खी टीम दोन्हीकडून बुडवली होती, तीही न मोडलेल्या हातानं.

आणि तो काय करायचा? सुट्टीवरून येताना त्यानं गावाकडची हाडजोडीची मुळी आणली. "भैया, दूध में उबाल के लेना. आप जल्दी ठीक हो जाओ, मेरे से नहीं होता." पंधरा दिवस मी ती कडूजहर मुळी प्यायलो. त्या हंगामात प्रामाणिकपणे केलेलं ते एकच काम.

तरी कसेबसे आम्ही तग धरून होतो. शेवटची मॅच दौंडला. बरोबरी झाली तरी वरच्या गटात राहणार, हरलो तर खाली. त्याआधीच्या शुक्रवारी सुरेशचा निरोप आला — "ये, काढून टाकू. किती दिवस मिरवतो?"

मी म्हणालो, "रविवार जाऊ दे."

हेच ते, कुणाला न सांगितलेलं. प्लास्टर घातलं तेव्हा मी घाबरलेला होतो, ते समजण्यासारखं आहे. पण त्या शुक्रवारी? सगळं कळत होतं. दिलीपनं काय सोसलं ते दिसत होतं. तरी म्हणालो, रविवार जाऊ दे.

दौंडच्या मैदानावर मी गळ्यात हात अडकवून खुर्चीवर बसलो. दिलीप त्या दिवशी वेड्यासारखा खेळला. एकाच्या पायात सूर मारला, तोंडावर बूट बसला, पुढचा दात तुटला. रुमाल चावून धरला आणि पुन्हा उभा राहिला. बरोबरी होती, आणि मॅच संपायला थोडा वेळ असताना एक बॉल उंच आला. जोरात नव्हता हो — नुसता उंच. दिलीपनं जीव खाऊन उडी मारली. बॉल त्याच्या बोटांच्या वीतभर वरून आत गेला.

मी डोळे मिटून, शेंगदाणे खात तिथं उभा असतो, तरी तो बॉल माझ्या हाताला लागला असता.

टेम्पोतून परत निघालो. मग एकजण म्हणाला, "फ्रॉकनं घालवलं." दुसरा म्हणाला, "बापू असता तर!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी — मी मान हलवली. खेदानं. दिलीप रुमाल तोंडाला धरून शेजारी बसला होता. खड्डा आला की तो आपला दंड मध्ये घालायचा, माझ्या हाताला धक्का लागू नये म्हणून.

पुढं महिन्याभरात तो सणसवाडीच्या दुसऱ्या कंपनीत गेला. परत कधी बॉलला पाय लावला नाही, असं कानावर आलं.

पण तो जायच्या आधी, मॅचनंतरच्या बुधवारीच, मी प्लास्टर काढून कामावर आलो. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात दिलीपनं, तुटका दात दाखवत.

मी हात वर करून, बोटं हलवून सगळ्यांना दाखवली.