खुर्चीपुरतं इंग्लिश

सानपाड्याच्या एका इंग्लिश शाळेत रंगूबाई अकरा वर्षं बसवरची मावशी होती. बस थांबली की खाली उतरायचं, पोराला चढवायचं, मागनं आपण चढायचं. असे सोळा थांबे सकाळी आणि सोळा दुपारी. आता तिचे गुडघे प्रत्येक पायरीला नको म्हणायला लागले होते. त्यातच शाळेनं दारापाशी टेबल मांडलं. आल्यागेल्याची विचारपूस करायची, फोन घ्यायचा. टेबलामागे चाकांची, मऊ गादीची खुर्ची. मुख्याध्यापिका क्षिप्रा मॅडम म्हणाल्या, "बाहेरून माणूस आणायचं नाही. आपल्या मावशांमधलीच एक तिथं बसेल."

रंगूबाई त्याच दिवशी मनातल्या मनात त्या खुर्चीत बसून आली.

इंग्लिशची तिला काळजी नव्हती. अकरा वर्षं पोरांच्या घोळक्यात काढल्यावर "हाय ब्रो", "चिल ना यार", "शट अप अँड सीट" हे सगळं तिच्या जिभेवर बसलं होतं. घरी नवऱ्यानं, हौसेरावांनी, दुसऱ्यांदा चहा मागितला की ती "नो वे" म्हणायची. बाजारात चाळीस वर्षं पोती वाहिलेले हौसेराव कौतुकानं तिच्याकडे बघायचे.

आडवी आली ती गोजरा. रबाळ्याला राहणारी, दोन वर्षांपूर्वी शाळेत लादी पुसायला लागलेली, वयानं वीस वर्षं लहान. एकदा रंगूबाई पाणी प्यायला ऑफिसात गेली, तर तिथं एक पालक उभे आणि गोजरा हातातलं फडकं पाठीमागे लपवून म्हणतेय, "गुड मॉर्निंग, सर. प्लीज हॅव अ सीट. मॅडम विल बी विथ यू शॉर्टली." पालक मुकाट्यानं बसले. पाणी न पिताच रंगूबाई परत फिरली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे कुठनं शिकलीस गं?"

"कुठनं म्हंजे, आक्का? ऑफिस पुसताना कान उघडेच असत्यात की. मोठ्या मान्सांशी मॅडम कशा बोलत्यात ते ऐकायचं."

"मग मी बोलते ते काय इंग्लिश न्हाई?"

"हाय की. पण ते पोरापोरांतलं. गल्लीत आपण 'ए, हिकडं ये' म्हणतो. दारात आलेल्या पाव्हण्याला तसं म्हणू का?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. गोजराच्या भाजीत मीठ जास्त झालंय, असं रंगूबाईनं त्या दिवशी तिघीचौघींना सांगितलं. भाजी मात्र दोनदा घेतली.

घरी नात राजेश्वरी सातवीत होती. तिला परीक्षेला दोन तऱ्हेची पत्रं होती, एक मैत्रिणीला लिहायचं आणि एक मुख्याध्यापकांना.

"राजे, मला ते मोठ्या मान्सांचं इंग्लिश शिकव."

"त्याला फॉर्मल म्हणतात, आज्जी. मी वाचते, तू पाठ कर. मी पण तेच करते."

आठ दिवस भाकरी थापताना रंगूबाईचे ओठ हलत होते. हौसेराव म्हणाले, "कुणाला शाप देतीयास का काय?" तसं पाहिलं तर ते फार चुकले नव्हते.

शनिवारी पालकसभा होती. मॅडमनी दोघींना एकेक तास खुर्ची दिली. पहिला तास गोजराचा. रंगूबाई दाराआडून तिची चूक शोधत राहिली. तास संपला तरी एक सापडेना. वर गोजराची पाठ गादीला टेकलेली दिसत होती, ती तिला जास्त सलत होती.

मग हिची पाळी. पहिलेच आले ते टाय लावलेले गृहस्थ, मुलाच्या प्रवेशासाठी. रंगूबाई उठून उभी राहिली, हात जोडले आणि एका दमात म्हणाली, "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट मॅडम इज इन मीटिंग. काइंडली ग्रँट मी टेन मिनिट्स. थँकिंग यू. युवर्स ओबिडियंटली, रंगूबाई, स्टँडर्ड सेव्हन, डिव्हिजन बी."

गृहस्थ भले होते, हसले नाहीत. नुसतं रुमालानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले. आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, हे अर्जात लिहितात. बोलत नाहीत."

म्हणजे त्यातही तिसरी तऱ्हा निघाली. पोरांचं निराळं, पाव्हण्यांचं निराळं आणि कागदावरचं आणखी निराळं. ही गोष्ट गोजराला आधीपासून ठाऊक असणार, या विचारानं रंगूबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोमवारी खुर्ची गोजराला मिळाली. रंगूबाई रोज तिच्या समोरून जायची, पण मान भिंतीकडे वळवून. चौथ्या दिवशी गोजरानंच हाक मारली.

"आक्का, रागावलात व्हय?"

"मी कशाला रागवू? तुझी खुर्ची, तू गरागरा फीर."

गोजरा थोडी घुटमळली. "एक इचारायचं होतं. माझी सुचिता इंग्लिश शाळेत जाते. घरी मी दोन शब्द बोलाय गेले की म्हणते, आई, तू ऑफिससारखं बोलतेस, माझ्या मैत्रिणींसमोर बोलू नकोस. आणि तुमच्या बसमधली पोरं बघावी तर तुमच्या अंगाखांद्यावर. मी जळते तुमच्यावर, खरं सांगते. तेवढं पोरांचं इंग्लिश मला शिकवाल का?"

रंगूबाईला इतकं बरं वाटलं की तिनं मुद्दाम लवकर उत्तर दिलं नाही. गोजराला आणखी एकदा विचारायला लावलं. मग म्हणाली, "शिकवते. दुपारची बस सुटायच्या आधी अर्धा तास, रोज. पण मी बसून शिकवणार."

"बसा की. स्टूल आणते तुमच्यासाठी."

"स्टूल तुला."

गोजरानं एकवार तिच्याकडे पाहिलं आणि उठली. रंगूबाई खुर्चीत टेकली. पाय लांब केले, चाकं जरा पुढेमागे करून बघितली.

"हं. म्हण, हाय ब्रो."

"हाय ब्रो, आक्का."

"त्यातनं आक्का काढ," असं म्हणून रंगूबाई गादीवर आणखी थोडी मागे सरकली.